रिकॉलचं पत्र आलंय, खरं ब्रेक तर मस्त लागतोय, मग गाडी न्यायची की नको?

प्रश्न आधी दोन ओळीत सांगतो म्हणजे बाकीच्यांना कळेल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक ट्रॅव्हल्सवाले आहेत, दोन बसगाड्या आहेत. त्यातली एक चार वर्षांची, कोल्हापूरकडनं सेकंड हँड घेतलेली, सकाळ-संध्याकाळ मच्छेला कामगारांची ट्रिप मारते आणि मधे लग्नाची वऱ्हाडं, यात्रा. जुन्या मालकानं त्यांना व्हॉट्सअॅपवर कंपनीच्या पत्राचा फोटो पाठवलाय की मागच्या चाकांच्या स्प्रिंग ब्रेक चेंबरचा, म्हणजे चाकाजवळच्या हवेच्या डब्याचा, एक लॉट खराब निघालाय, गाडी घेऊन या, फुकट बदलून देतो. शोरूमवाला म्हणतो पार्ट यायला पंधरा दिवस. गावातला मिस्त्री म्हणतो, हवेचं गेज आठ किलो दाखवतंय, ब्रेक चिकटून लागतोय, कशाला नसता उद्योग. एफसी, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, पण झालेलं आहे. आणि पुढच्या आठवड्यात सौंदत्तीची एक ट्रिप आणि त्यानंतर गोव्याला एक वऱ्हाड, चोर्ला घाटातनं. आता काय करू?

मी 22 वर्षं सरकारी बस डेपोच्या वर्कशॉपला काढली, त्यातली बरीचशी ब्रेक सेक्शनलाच, आणि आता बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला हवेच्या ब्रेकचंच छोटं दुकान टाकलंय. म्हणून जरा लांबलचक लिहितो, कंटाळा करू नका.

पहिलं उत्तर सरळ आहे. गाडी न्यायची, आणि काम होईपर्यंत माणसं भरून घाटात घालायची नाही. का ते आता सांगतो, कारण तुमचा मिस्त्री खोटं बोलत नाहीय, त्याला जे दिसतंय ते तो सांगतोय. ते पुरत नाही, एवढंच.

हवेच्या ब्रेकमध्ये तुमच्या पायाची ताकद चाकापर्यंत जातच नाही हे आधी डोक्यात घ्या. कारमध्ये आपण पाय दाबतो, ऑइल पुढं ढकललं जातं, पायाखाली काहीतरी कमीजास्त लागलं तर कळतं. बसमध्ये पेडल म्हणजे नुसता नळ आहे, फूट व्हॉल्व. तो जेवढा उघडाल तेवढी टाकीतली हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, चेंबरमध्ये एक रबरी डायफ्राम असतो, तो फुगून रॉड ढकलतो, रॉड स्लॅक अॅडजस्टर म्हणजे ब्रेकचं अंतर जुळवणारा दांडा फिरवतो, त्यानं इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम फिरतो आणि ब्रेकचे शू चाकाच्या ड्रमला जाऊन चिकटतात. डायफ्राम 30 चौरस इंचाचा असेल आणि हवा 100 पीएसआय म्हणजे साधारण 7 किलो असेल तर त्या एका रॉडवर 3000 पौंड, म्हणजे साडेतेराशे किलोच्या आसपास जोर येतो. एका रबराच्या चकतीवर! आणि ती चकती फाटायला लागली तर ड्रायव्हरच्या पायाला काही कळत नाही, पेडल तसंच मऊ, तसंच नेहमीसारखं.

गेज आठ दाखवतंय म्हणता, ते टाकीतली हवा दाखवतंय. चेंबरच्या ब्रेकच्या बाजूच्या डायफ्राममध्ये हवा जाते कधी, तर पेडल दाबल्यावरच. पाय काढला की ती हवा सुटून जाते. म्हणजे हा डायफ्राम गळत असला तरी गाडी उभी आहे, पेडलवर पाय नाही, तोवर गेज रात्रभर सुद्धा हलणार नाही. तुमच्या मिस्त्रीनं गाडी चालू केली, हवा बांधली, गेज बघितलं, मैदानात दोन ब्रेक मारले, गाडी जागच्या जागी उभी राहिली. बरोबर आहे, राहणारच. खरं घाटात तुम्ही ब्रेक मारत नाही, धरता. मिनिट-मिनिट धरता. तेव्हा गळती चालू होते.

आमच्या डेपोत एकदा असंच झालेलं, म्हणून मी एवढं ठासून सांगतोय. कुठल्या कंपनीचा माल ते सोडा. एक गाडी घाटाच्या रूटवरनं आली की ड्रायव्हर लिहायचा, मागचा ब्रेक कमी वाटतोय. आम्ही पिटवर घेऊन बघायचो तर सगळं ठीक. रॉड दीड इंच येतोय, आवाज नाही, साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडा नाही. ‘चेक केले, ओके’ लिहून गाडी परत रूटवर. तिसऱ्या वेळी ड्रायव्हर चिडला, म्हणाला तुम्ही या माझ्याबरोबर, बसा मागच्या सीटवर. मी गेलो. उतारावर निम्म्यात मागच्या चाकाजवळनं फुस्सऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, पाय काढला की बंद, पाय ठेवला की चालू. खाली सपाटीला आल्यावर गाडी थांबवून बघेपर्यंत दहा मिनिटं गेली, ड्रम जरा गार झाला, आणि आवाज गायब!

मग चेंबर उतरवून आणला, डायफ्राम बाहेर काढला. वरनं बघितलं तर नवाच. दोन बोटांत धरून वाकवला तर कडेला, जिथं तो पत्र्याच्या दोन वाट्यांमध्ये आवळला जातो तिथं, रबर आणि आतलं नायलॉनचं कापड वेगळं झालेलं. भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, अगदी तसं. सरळ ठेवला की मिटतं, वाकवला की उघडतं.

गार असताना का सापडत नव्हतं तेही तेव्हाच डोक्यात बसलं. ड्रम तापला की फुगतो, बाहेरच्या बाजूला फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. मग तेवढं जास्तीचं अंतर कापायला रॉड जास्त बाहेर यावा लागतो. गार असताना दीड इंच येणारा रॉड तापल्यावर दोन इंचाच्या पुढं जातो, डायफ्राम तेवढा जास्त ताणला जातो आणि तेवढं ताणल्यावरच तो पापुद्रा उघडायचा. पिटवर आम्ही कधी तिथपर्यंत ताणलाच नव्हता त्याला. स्टोअरमधनं त्याच लॉटचे बाकीचे काढून वाकवून बघितले, आणखी तीन तसेच निघाले. त्यातले दोन कोऱ्या पिशवीतले.

तर रिकॉल म्हणजे काय, तर कुणीतरी हे वाकवून बघायचं काम तुमच्या आधी केलंय. कंपनीला कळलंय की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बनलेल्या मालात गडबड आहे. तुमच्याच गाडीत आहे असं ते म्हणत नाहीत, तुमची गाडी त्या यादीत आहे एवढंच म्हणतात. कारच्या बाबतीत एक उदाहरण पेपरात आलेलं, ऑक्टोबर 2022 मध्ये मारुतीनं वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून 9,925 गाड्या परत बोलावल्या, मागच्या ब्रेकच्या असेंब्लीतली एक पिन. फक्त 3 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर 2022 या महिनाभरात बनलेल्या. त्या पिनेवरनं सुरुवातीला नुसता आवाज येईल, पुढं ब्रेकवर परिणाम होऊ शकतो असं होतं. म्हणजे त्या दहा हजारातल्या बहुतेकांना आपल्या गाडीला काही झालंय असं वाटलंही नसणार. ‘माझी तर मस्त चालतेय’ हे उत्तर रिकॉलला चालत नाही, ते मस्त चालत असतानाच येतं.

आता पत्राचं बघू. पत्र जुन्या मालकाला गेलं कारण कंपनीच्या रेकॉर्डला गाडी अजून त्याच्याच नावावर आहे. आपल्या भागात हे फार होतं बघा. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडनं एमएच पासिंगची गाडी घ्यायची, एनओसी आणायची, इथं केए-22 नाहीतर केए-23 करायची, आरटीओला नाव बदलतं खरं कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी बदलत नाही. नंबर बदलला की तर गाडी जणू हरवलीच. तुमचा जुना मालक भला माणूस, त्यानं फोटो पाठवला. शोरूमला गेल्यावर पहिलं काम हे करा, आरसीची झेरॉक्स देऊन नाव, पत्ता, मोबाईल बदलून घ्या. आणि नंबर प्लेटवरनं शोधायला सांगू नका, 17 अक्षरी चेसिस नंबर द्या, तो कधी बदलत नाही. पत्रातल्या यादीत तो बसतोय का ते त्यांच्याकडनं लिहून घ्या, तोंडी नको. पत्र इंग्लिशमध्ये आहे म्हणून बाजूला टाकू नका, कॉलेजच्या एखाद्या पोराकडनं नीट वाचून घ्या, त्यातलं एक वाक्य महत्त्वाचं असतं, ‘तपासणीसाठी आणा’ लिहिलंय की ‘काम होईपर्यंत चालवू नका’ लिहिलंय. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाडी कोल्हापूरला विकली गेली म्हणून कोल्हापूरलाच न्यायला पाहिजे असं काही नाही. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर बेळगाव असो, हुबळी असो, काम तेच आणि फुकटच. पार्ट फुकट, मजुरी पण फुकट. सेकंड हँड आहे म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नाही. वॉरंटी संपली का हाही विषय इथं येत नाही.

कायद्याचं पण सांगतो, कारण काउंटरवरच्या पोराला हे माहीत असेलच असं नाही. 2019 ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम 110 अ आलं, ते रिकॉलचंच आहे. त्याआधी 2012 पासून कंपन्यांच्या संघटनेचा आपल्या मर्जीचा नियम होता, कायदा नव्हता. आता कंपनीला स्वतःच्या गाडीत दोष दिसला तर तिनं सरकारला कळवून रिकॉल करायलाच पाहिजे, आणि आपणहून केलं तर दंड नाही. सरकारनं आदेश काढून करायला लावलं तर 10 लाखापासून 1 कोटीपर्यंत दंड आहे. नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहेत, तुमची चार वर्षांची, म्हणजे आरामात बसते. आणि मालकालाही तक्रार नोंदवता येते, ठरावीक प्रमाणात मालकांनी एकच दोष कळवला तर सरकार स्वतः रिकॉलचा आदेश काढू शकतं. हे आपल्याकडं कुणी करत नाही. चहाच्या टपरीवर दहा मालक ‘याच मॉडेलला ब्रेकचा प्रॉब्लेम आहे बघ’ म्हणतात, कागदावर एकही येत नाही.

त्याच कायद्यात कलम 190 पण आहे, ते तुमच्यासाठी आहे. दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असं असताना, जो गाडी चालवतो किंवा चालवू देतो तो सापडतो. ‘चालवू देतो’ म्हणजे मालक. आता तुमच्या मोबाईलमध्ये त्या पत्राचा फोटो आहे, तारखेसकट. मी भीती घालत नाहीय, खरं उद्या काही झालं तर तो फोटो पहिल्यांदा बाहेर येईल हे लक्षात ठेवा.

आता पंधरा दिवसांचा प्रश्न, तोच खरा अवघड आहे, कारण हप्ता कुणाला चुकलाय.

सौंदत्तीची ट्रिप दुसऱ्या गाडीवर टाका नाहीतर ओळखीच्या कुणाची गाडी भाड्यानं घ्या. रस्ता तसा सपाटच आहे खरं शेवटी यल्लम्माच्या डोंगरावर चढ-उतार, यात्रेची गर्दी, रस्त्यात माणसं, बैलगाड्या, मधेच थांबायचं, मधेच निघायचं, ब्रेकवर पाय सारखा. चोर्ल्याचं तर नावच काढू नका. जांबोटी, कणकुंबीपर्यंत ठीक, पुढं गोव्याच्या बाजूला उतरायला लागलात की साखळी गावापर्यंत वळणं आणि उतार, 45 माणसं, त्यांचं सामान, वर टपावर भांडीकुंडी. मागच्या चाकांच्या हवेचं सर्किट गळून रिकामं झालं तर पुढचं वेगळं असतं, म्हणजे गाडी अगदीच बिनब्रेकची होत नाही, कायद्यानंच दोन सर्किट वेगळी ठेवलेली असतात. खरं सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो, ते तापतात, तापले की वर सांगितलं तसे रॉड लांब येतात, आणि मग पुढचाही ब्रेक विरघळायला लागतो. पावसाचं वळण असेल तर पुढची चाकं घसरून स्टेअरिंग पण हातात राहत नाही.

मच्छेच्या रोजच्या ट्रिपचं काय, तर मला विचाराल तर ती पण नको. पोटाचा प्रश्न आहे मला कळतंय. कारखान्याच्या ऑफिसमध्ये ते पत्र दाखवा, पंधरा दिवस दुसरी गाडी लावतो म्हणा. माझा अनुभव आहे की पत्र दाखवून गाडी बदलणाऱ्याचं कंत्राट कुणी काढत नाही, उलट त्यांच्या सेफ्टीवाल्याला बरं वाटतं. आणि शोरूमला ईमेल करा, नुसता फोन नको. लिहा की माझी गाडी रिकॉलमध्ये आहे, अमुक तारखेला मी आलो, पार्ट नाही म्हणून सांगितलंत, गाडी उभी आहे, तारीख द्या. कंपनीच्या कस्टमर केअरला त्याची कॉपी. नव्वद टक्के वेळा पंधराचे पाच दिवस होतात, कारण पार्ट नसतो असं नाही, तो ज्याचा आवाज मोठा त्याच्या डेपोला गेलेला असतो. उभ्या दिवसांचं भाडं मिळेल का, तर साधारण देत नाहीत, मागून बघायला काय जातंय. तुम्ही स्वतः गाडी चालवून पोट भरत असाल तर ग्राहक आयोगात जायची वाटही असते, मोठे ट्रॅव्हल्सवाले धंद्यासाठी घेतात म्हणून त्यांना तिथं अडवतात, स्वयंरोजगारवाल्याला नाही. तेवढ्यासाठी वकिलाला भेटा, तो माझा प्रांत नव्हे.

एक काम मात्र अजिबात करू नका. ‘शोरूमची वाट कशाला बघतोस, बाजारात चेंबर मिळतोय, आजच बसवून देतो’ असं कुणीतरी म्हणणारच. दोन कारणं. एक म्हणजे बाजारातला तो चेंबर कुठल्या लॉटचा आहे कुणास ठाऊक, खराब लॉट दुकानांच्या रॅकवरनंही परत घ्यावा लागतो आणि सगळे दुकानदार तो परत देतातच असं नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. मागचा स्प्रिंग ब्रेकचा चेंबर म्हणजे डबल डबा असतो, मागच्या डब्यात एक जबरदस्त स्प्रिंग दाबून बसवलेली असते, हवा गेली की तीच स्प्रिंग हँडब्रेक लावते. तो मागचा डबा कधीही खोलायचा नाही. क्लॅम्पचे बोल्ट सैल केले आणि ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो, असं झालेलं आहे आणि होतं. चेंबर उतरवायच्या आधी लांब बोल्ट घालून ती स्प्रिंग आवळून बांधून घ्यायची असते. झाडाखाली जॅक लावून करायचं हे काम नाही. तुमच्या मिस्त्रीचा हात चांगला असेल, खरं यात चूक एकदाच होते.

शोरूमला काम होताना तुम्ही किंवा तुमचा ड्रायव्हर तिथं थांबा. काही सेंटरला घाई असते, कागदावर काम होतं. मागच्या दोन्ही बाजूंचे चेंबर बदलले का बघा, जुन्या चेंबरच्या पट्टीवरचा नंबर आणि नव्याचा नंबर, दोन्हीचे फोटो काढून ठेवा, जॉबकार्डवर रिकॉल हा शब्द आणि चेसिस नंबर आला पाहिजे. मग त्यांच्याच अंगणात ही टेस्ट करायला लावा. चाकांना पुढं-मागं लाकडाचे ठोकळे लावायचे, हवा पूर्ण भरून इंजिन बंद, हँडब्रेक सोडायचा. एकानं पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरायचं, दुसऱ्यानं चेंबरला कान लावायचा. पेडल दाबताना गेज एकदा थोडं उतरतं ते सोडून, पुढं मिनिटाला गेज 3 पीएसआय, म्हणजे 0.2 किलोच्या वर उतरता कामा नये. त्याच वेळी रॉडला खडूनं खूण करून तो किती बाहेर येतो ते मोजा, 30 नंबरच्या, म्हणजे 30 चौरस इंचाच्या साध्या चेंबरला दोन इंच ही हद्द आहे, गार असताना दीडच्या आसपास पाहिजे. ही टेस्ट घरी दर महिन्याला केलीत तरी चालते, ठोकळे मात्र विसरू नका, हँडब्रेक सोडलेला असतो.

आणि इथंच एक नेहमीची चूक सांगतो. चार वर्षांच्या गाडीला बहुतेक ऑटोमॅटिक स्लॅक असणार, शूवरचा लायनर झिजला की तो आपोआप अॅडजस्ट होतो. आपले मिस्त्री काय करतात, ब्रेक कमी वाटला की सवयीनं पाना घालून स्लॅक आवळतात. जुन्या हाताच्या स्लॅकला ते बरोबर होतं. ऑटोमॅटिकला पुन्हा पुन्हा असं आवळायला लागतंय म्हणजे तो स्लॅक गेलाय, किंवा कॅमचं बुश गेलंय, किंवा लायनर संपलंय. पान्यानं आवळून स्लॅकच्या आतला क्लच पण बिघडतो. दोन दिवस ब्रेक छान लागतो आणि मग पहिल्यापेक्षा वाईट. रिकॉलला गेलात की हेही बघायला सांगा, त्याचे पैसे द्यावे लागले तर द्या, ते रिकॉलमध्ये नाही.

शोरूमवाला तुम्हाला एका गोष्टीवरनं परत पाठवू शकतो, आणि तिथं चूक त्याची नसेल. आपल्याकडं गाडीवर चार जादाच्या वस्तू चढवायची हौस दांडगी. म्युझिकल हॉर्न, हवेचा दरवाजा, ड्रायव्हरची हवेची सीट, आणि सगळ्याला हवा कुठनं, तर ब्रेकच्या टाकीला टी लावून. हॉर्नचा पाइप गळाला की ब्रेकची हवा गेली. या सगळ्याला हवा वेगळ्या सर्किटमधनं, ब्रेकची हवा राखून ठेवणाऱ्या प्रोटेक्शन व्हॉल्वच्या पलीकडनं घ्यायची असते. तसं जोडलेलं नसेल तर आधी काढून टाका आणि मगच घेऊन जा, नाहीतर तो ‘बसची बॉडी बांधणाऱ्यानं छेडलंय’ म्हणून हात वर करेल. चोर्ल्यात हॉर्नवर गाणी वाजवत उतरणारे दिसतात ना, मला प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

टाकीतलं पाणी रोज सोडता का? खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात तर रोजच सोडायला पाहिजे. दुधाचा चहा असतो तसं पांढरं-तपकिरी तेलकट पाणी आलं तर कंप्रेसर ऑइल फेकतोय आणि एअर ड्रायरचा फिल्टर संपलाय. ते तेल डायफ्रामचं रबर खातं, मग रिकॉलमधला नवा डायफ्राम पण वर्षात जाईल आणि तुम्ही कंपनीला शिव्या द्याल.

एफसी झालेली आहे असंही तुम्ही लिहिलंय. आठ वर्षांच्या आतल्या गाडीची एफसी दोन वर्षांनी एकदा असते. त्या दिवशी रिकामी, गार गाडी सपाट जागेवर तपासलेली असते. तिचं महत्त्व आहेच, खरं तिच्यावर विसंबून चोर्ला उतरायचा नसतो.

ड्रायव्हरला हे सांगा, रिकॉल झाल्यावरही उपयोगी पडेल. वंटमुरीचा घाट असो, तवंदीचा असो, चोर्ल्याचा असो, चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग उतरवणारा ब्रेक, चालू ठेवायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, खरं सारखं पंपिंग पण करायचं नाही. हवेच्या ब्रेकला पंपिंग केलं की प्रत्येक वेळी टाकीतली हवा बाहेर जाते. एकदा दमदार धरायचं, वेग उतरवायचा, सोडायचं. खाली उतरल्यावर थांबून चारही चाकांजवळ हाताचा पंजा न्यायचा, ड्रमला हात लावायचा नाही, नुसती धग बघायची. तीन चाकं गरम आणि एक गार असेल तर ते गार चाक काम करत नाहीय. ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या दुकानातल्या कुठल्याही गेजपेक्षा जास्त सांगते.

दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर पण त्याच दिवशी तपासून घ्या. ती वेगळ्या कंपनीची असली तरी चेंबर बनवणारा एकच असू शकतो, पत्र कुणाच्या तरी जुन्या पत्त्यावर इचलकरंजीत पडलेलं असायचं.